टायगर समोरून फुटत नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक नवी विद्या शिकले. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ती नव्हती. जर्मन टायगर रणगाडा कसा फोडायचा, ही ती विद्या. स्टाफरूममध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तिच्यामुळे मला अठरा वर्षं मुलांना लिहून देत आलेलं एक भाषण बदलावं लागलं.

आमचं घर मोहन्यात. शाळा कल्याणला, उर्दू माध्यमाची. तिथे मी मराठी शिकवते, आणि गरज पडली तर उर्दूचाही तास घेते. सकाळी आंबिवलीला लोकल पकडायची, शहाड गेलं की कल्याण. संध्याकाळी उलटा प्रवास. घरी पोहोचेपर्यंत असरची वेळ टळत आलेली असते, आणि आमचा थोरला कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो. तो दहावीला आहे. कॉम्प्युटर मामाने दिलेला, जुना. नवे खेळ त्यावर चालत नाहीत, म्हणून हा ‘कंपनी ऑफ हीरोज’ खेळतो. २००६ साली निघालेला खेळ, म्हणजे माझ्या मुलापेक्षा वयाने मोठा.

त्या दिवशी मी रागवायलाच गेले होते. दहावीचं वर्ष, गणिताच्या चाचणीत काठावर पास, आणि हा तासभर रणगाडे चालवतोय. मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर फ्रान्समधलं एक गाव होतं, दगडी घरं, झाडांची कुंपणं, अरुंद रस्ते. त्या रस्त्यावरून एक करड्या रंगाचं धूड हळूहळू येत होतं. ह्याचे चार शर्मन रणगाडे त्याच्यासमोर ओळीने उभे राहून गोळे मारत होते. गोळे लागत होते आणि ठिणग्या उडवून बाजूला जात होते. मग त्या धुडाने तोंड वळवलं आणि एकेक करून चारही संपवले.

“हे काय होतं?” मी विचारलं.

“टायगर,” तो म्हणाला. “सामने से नहीं फूटता, अम्मी. मला माहीत होतं, तरी घाई केली.”

“माहीत होतं तर घाई का केलीस?”

गणिताच्या पेपरबद्दलही मी त्याला हाच प्रश्न विचारला होता. तो हसला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. रागवायचं राहून गेलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याने मला जे शिकवलं, ते आता माझ्या शब्दांत सांगते. शिक्षिकेची सवय आहे, मुद्देसूद सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली गोष्ट, टायगरची सगळी ताकद तोंडाशी आहे. समोरचं पोलाद जाड, आणि तोफही तुमच्याकडेच रोखलेली. पाठीमागचं पोलाद त्या मानाने कमजोर. म्हणून त्याच्यासमोर कधी थांबायचं नाही, वळसा घालायचा. खेळात अमेरिकनांकडे एम-१० नावाची गाडी आहे. अंगाने पातळ, एका फटक्यात जाणारी, पण पळायला चपळ. ती घराआडून काढून टायगरच्या मागे न्यायची. टायगर वळायला वेळ लावतो. तेवढा वेळ आपला.

दुसरी गोष्ट, आधी त्याचे पाय मोडायचे. इंजिन निकामी झालेला टायगर हा नुसता एक किल्ला असतो, आणि किल्ल्याला वेढा घालता येतो. रस्त्यात सुरुंग पेरून ठेवायचे. पायदळाला चिकटबॉम्ब देऊन कुंपणाआडून जवळ जाऊ द्यायचं. रणगाड्याला चिकटबॉम्ब लावणारे चार-सहा शिपाई महागड्या शर्मनपेक्षा जास्त कामाचे ठरतात, हे मला फार आवडलं.

तिसरी गोष्ट, तोफा दोन हव्यात आणि त्या दोन दिशांना हव्यात. सत्तावन्न मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ एकटी असली तर टायगर तिच्याकडे तोंड करून तिला संपवतो. दुसरी बाजूला असली तर एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे कूस उघडी पडते.

चौथी गोष्ट, त्याला एकटं पाडायचं. ह्या खेळात नकाशाचे तुकडे असतात. तेलाचे, दारूगोळ्याचे. ते एकमेकांना जोडलेले असले तरच माल पोहोचतो. मधला एक तुकडा काबीज केला की मागच्या तेलाचा शत्रूला उपयोग नाही. मग त्याच्या बाकीच्या गाड्या येत नाहीत, आणि सोबतीला कुणी नसलेला टायगर दिसतो तेवढा भयंकर राहत नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड. तो मागे हटायला लागला की त्याच्यामागे धावायचं नाही, इंजिन मोडलेलं नसेल तर. माझे निम्मे डाव इथेच गेले. जखमी टायगर पाहिला की मला राहवत नसे.

मी मराठीची बाई. एखाद्या गोष्टीत डोकं घातलं की त्याबद्दल वाचल्याशिवाय राहवत नाही. वाचलं तेव्हा कळलं की खेळणाऱ्यांनी हे सगळं हवेतून काढलेलं नाही. खरा टायगर सुमारे ५७ टनांचा होता. समोर दहा सेंटिमीटर जाड पोलाद, ८८ मिलिमीटरची तोफ, आत पाच माणसं. १९४२ साली लेनिनग्राडजवळ तो पहिल्यांदा लढाईत उतरला. सगळे मिळून साडेतेराशेच्या आसपासच बनले. शर्मन मात्र ४९ हजारांच्या घरात बनले. टायगर बनवायला महाग, चालवायला अवघड. इतक्या वजनाला साधे पूल पेलत नसत. एकावर एक बसवलेल्या चाकांत चिखल अडकायचा. तेल तर पाण्यासारखं लागायचं. कितीतरी टायगर शत्रूच्या गोळ्याने गेलेच नाहीत. ते बंद पडले, तेल संपलं, आणि त्यांच्याच माणसांनी ते सोडून दिले. आज जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरलेत. त्यातला एक इंग्रजांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात जवळजवळ धड पकडला. तो इंग्लंडच्या संग्रहालयात आजही चालतो.

तुम्ही म्हणाल, मोहन्याच्या बाईला ह्या युरोपातल्या लढाईचं काय? पण ती लढाई तेवढी लांब नाही. आमच्या शेजारचं उल्हासनगर म्हणजे त्याच महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं त्या बराकींत राहिली. आजही रिक्षावाला ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतो, तो कॅम्प सैन्याचा. नेवाळीची धावपट्टीही त्याच काळात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन इंग्रजांनी बांधली. आणि त्या युद्धात आपले २५ लाखांवर शिपाई होते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या मुलाच्या खेळात मात्र ह्यातला एकही चेहरा नाही. तिथे फक्त अमेरिकन आणि जर्मन.

आता मूळ गोष्टीकडे येते.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. एका रात्री इशाची नमाज झाल्यावर मी त्याच्या शेजारी बसले. तो इंटरनेटवर अनोळखी मुलांबरोबर खेळत होता. पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूंची नावं असतात. त्यात त्याचं नाव दिसेना.

“तू कुठेयस ह्यात?”

त्याने एका नावावर बोट ठेवलं. ते नाव कुणाचंही असू शकलं असतं. कुठल्याही घरातलं, कुठल्याही देशातलं.

“आणि तुझं नाव?”

“बदललं.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग तुटक तुटक सांगितलं. आठवड्यापूर्वी त्याने एका खेळाडूचा टायगर फोडला होता. व्यवस्थित, शिकवल्यासारखा. आधी सुरुंग, मग दोन तोफा, मग मागून एम-१०. पलीकडचा चिडला. नाव वाचलं आणि लिहिलं, जा पाकिस्तानात. आणखीही लिहिलं, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी तसंच काही लिहिलं. तिसऱ्या दिवशी ह्याने नाव बदललं. आता कुणी काही लिहीत नाही.

तो हे अगदी सहज सांगत होता. छत्री नेली म्हणून भिजलो नाही, अशा सुरात. मला ते जास्त लागलं.

माझ्या तोंडून जे निघालं, ते अठरा वर्षांच्या सवयीने निघालं. “सांगायचं ना त्याला, अब्दुल हमीद कोण होते ते! त्यांनी पॅटन रणगाडे फोडले देशासाठी!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “अम्मी, मी त्याचा टायगर फोडला म्हणून तो चिडला. त्यात अब्दुल हमीद कुठून आले? बाकीची मुलं जिंकतात तेव्हा त्यांना कुणी कागद दाखवायला सांगतं का?” आणि मग हळूच, “तू पण समोरूनच मारतेस.”

त्याचे अब्बा आतून म्हणाले, “बरं केलं नाव बदललं. खेळायचंय ना, खेळ.” विषय तिथे संपला. माझ्यापुरता संपला नाही.

आमच्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला उर्दू शाळांतून एक भाषण होतंच, ‘वीर अब्दुल हमीद’. मी स्वतः ते आठ-दहा ओळींत लिहून ठेवलंय. सातवीतली एखादी धीट मुलगी ते पाठ करते. त्यात गाझीपूर जिल्ह्यातलं धामूपूर गाव आहे, १९६५ आहे, परमवीर चक्र आहे, आणि शेवटी ‘आम्हीही ह्या मातीचेच’ असं वाक्य आहे. पाहुणे टाळ्या वाजवतात. बाकीच्या शाळांतही अशी भाषणं होतात, पण त्यांच्या शेवटी हे वाक्य नसतं. ते फक्त आमच्या भाषणात का लागतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. ते माझ्या मुलाने विचारलं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं नगरला गेलो. आता अहिल्यानगर. कल्याणहून एसटी, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा. आमच्यात तह झाला होता. त्याला रणगाड्यांचं संग्रहालय पाहायचं होतं आणि मला किल्ला. मौलाना आझादांना १९४२च्या ऑगस्टमध्ये नेहरू आणि इतर नेत्यांबरोबर त्या किल्ल्यात कैद केलं होतं. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं त्यांनी तिथेच लिहिली. त्यांची बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारली तेव्हा ते तिथेच बंद होते. इंग्रजांनी ट्युनिशियात तो टायगर पकडला, तोच हा महिना. उर्दूच्या तासाला मी हे पत्रांचं पुस्तक नेहमी सांगते, पण हे दोन एप्रिल कधी शेजारी ठेवले नव्हते.

संग्रहालय लष्कराच्या चिलखती दलाचं, १९९४ साली सुरू झालेलं. बागेत रणगाडे ओळीने उभे. इंग्रजांचे मटिल्डा आणि चर्चिल, जपानी रणगाडे, आपला विजयंता. टायगर नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला हवा होता पॅटन. १९६५च्या लढाईत पाकिस्तानकडून जप्त केलेला.

मी त्या पॅटनच्या समोर जाऊन उभी राहिले. सगळे तिथेच उभे राहून फोटो काढतात. माझा मुलगा थेट मागे गेला. मग बाजूला आला, वाकून चाकं पाहिली, पोलादावर हात फिरवला. एकीकडून दुसरीकडे दोन-तीनदा चालला. “इथून,” तो म्हणाला. “इथूनच मारला असणार त्यांनी.”

तेव्हा पहिल्यांदा मी अब्दुल हमीदांचा विचार एक काम करणारा माणूस म्हणून केला. ते शिंप्याचे मुलगे. लहानपणी वडिलांना शिवणकामात मदत करायचे. चार ग्रेनेडिअर्समध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कंपनीच्या सामानसुमानाचा हिशेब बघणारे. पण त्याआधी काही वर्षं रणगाडाविरोधी तुकडीत काढलेली, नेम नावाजलेला. खेमकरणच्या आघाडीवर पॅटन येऊ लागले तेव्हा त्यांनी जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ हाती घेतली. जीपला चिलखत नसतं, पत्रा असतो. तोफ डागली की मागून मोठा झोत निघतो, धूळ आणि धूर उडतो, आणि शत्रूला जागा कळते. म्हणून एक गोळा मारायचा आणि तिथून निघायचं. ऊस उंच वाढलेला. त्याच्या आड जीप ठेवायची, रणगाडा जवळ येईपर्यंत थांबायचं, नेम साधायचा, मारायचं, आणि जागा बदलायची. थांबायला किती धीर लागत असेल, हे मला खुर्चीत बसूनसुद्धा जमत नाही.

ते एकटेही नव्हते. हेही माझ्या भाषणात कधी आलं नाही. चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे हटून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली होती. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं. पॅटन त्या नालेच्या पोटात शिरले, चिखलात रुतले, आणि तिन्ही बाजूंनी मार बसला. दख्खन हॉर्सकडे तर शर्मन होते. तेच, माझ्या मुलाच्या खेळातले, दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. समोरासमोर ते पॅटनपुढे उणेच होते. उसात लपून, बाजूने मारून त्यांनी आपलं काम केलं. पाकिस्तानने त्या भागात शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. १० सप्टेंबर १९६५ रोजी चीमा गावाजवळ अब्दुल हमीदांची जीप एका रणगाड्याच्या तोफेखाली आली. ते तेहतीस वर्षांचेही झाले नव्हते, माझ्यापेक्षा खूपच लहान.

ह्या माणसाला आम्ही दरवर्षी साक्षीला उभं करतो. खटला आमच्यावर चाललेला, आणि साक्षीदार ते. त्यांनी काय केलं हे कुणी विचारत नाही. ते कोण होते, एवढंच आम्ही सांगतो. असं करून आपण त्यांचंच काहीतरी काढून घेतो, असं मला त्या पॅटनपाशी वाटलं. त्यांचं कसब काढून घेतो. शिंप्याच्या पोराचा तो नेम, तो धीर, ती जागा बदलण्याची शिस्त, सगळं एका दाखल्यात गुंडाळून टाकतो. आणि तो दाखला ज्याला दाखवतो, तो काही वाचत नाही. ते समोरचं पोलाद आहे. गोळा लागतो आणि घसरून जातो.

मग बाजू कोणती, पाठ कोणती? मला पक्कं सांगता येणार नाही. मुलाने नाव बदललं, ती जागा बदलणं होतं की माघार, हेही मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, त्याने शहाणपणा केला, तोफ डागून जीप हलवली. कधी वाटतं, सोळाव्या वर्षी आपलं नाव झाकायला शिकणं ही विद्या मी त्याला शिकू द्यायला नको होती. त्याच्या अब्बांचा आणि माझा ह्यावर अजून वाद आहे.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. जानेवारीत मी ते जुनं भाषण काढलं आणि शेवटचं वाक्य खोडलं. नवीन भाषणात जीप आहे, ऊस आहे, कालव्याचं पाणी आहे, मागून निघणारा झोत आहे. सातवीतल्या ज्या मुलीला दिलं, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, दरवेळी जागा का बदलायची?” अठरा वर्षांत ह्या भाषणावर मला कुणी पहिल्यांदाच प्रश्न विचारला. मी टेबलावर डस्टर ठेवला, तो पॅटन. खडूची पेटी, ती जीप. वह्या उभ्या करून ऊस केला. पाच मिनिटांत निम्मा वर्ग टेबलाभोवती होता, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा मला समजावून सांगत होता की मॅडम, तुमची जीप चुकीच्या बाजूला आहे.

२६ जानेवारीला ती मुलगी छान बोलली. ‘असल उत्तर’ ह्या नावाचा अर्थ सांगून तिने भाषण संपवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीएवढ्याच. एकाने जाताना मला विचारलं, “शेवट जरा अचानक झाला नाही?” मी म्हटलं, “झाला.”

संध्याकाळी घरी आले तर थोरला गणिताचं पुस्तक उघडून बसला होता, निदान पुस्तक उघडं होतं. त्याने मला एक डाव खेळायला बसवलं, तो शेजारी. मी दोन तोफा दोन बाजूंना ठेवल्या, रस्त्यात सुरुंग पेरले आणि थांबले. टायगर आला. मला राहवेना.

“थांब, अम्मी,” तो म्हणाला. “अजून थोडं येऊ दे.”

कोपऱ्यात अजून तेच दुसरं नाव होतं. मी विचारलं नाही. त्याने माझी नजर पाहिली असावी. “परीक्षा झाल्यावर बघू,” तो म्हणाला, आणि एम-१० घराआडून बाहेर काढायला सांगितली.